सहा फूट सोडून

सुधाकरनं खड्ड्यातून मांडीचं हाड वर दिलं आणि हिलरीनं ते पंच्यात घेतलं. ओल्या मातीनं हाड काळं पडलं होतं. त्यानं अंगठ्यानं माती पुसली. पुसता पुसता हाडाच्या वरच्या टोकातून बाहेर आलेली स्टीलची सळी दिसली. तीन वर्षं मातीत राहूनही तिला गंज नव्हता.

त्यानं पंच्याचं टोक तिच्यावर ओढलं.

"अजून हाय काय?"

"पायाची बारीक हाडं आहेत, काका. थांबा, माती चाळून देतो." सुधाकर पुन्हा वाकला. मग तसाच वाकलेला राहून, हळू आवाजात म्हणाला, "बाईंचं ऑपरेशन झालेलं काय?"

"हं," हिलरी म्हणाला.

विनिता, त्याची मुलगी, दोन पावलांवर जपमाळ धरून उभी होती. तिनं नवं पांढरं कापड आणलं होतं आणि पाण्याची बाटली. ती एव्हरशाईन सिटीजवळच्या एका दवाखान्यात नर्स होती. रोज जखमा बघायची, पण कुदळ पहिल्यांदा लाकडावर वाजली तेव्हा तिनं डोळे मिटले ते अजून उघडले नव्हते. खाली तिची आई होती.

दफनभूमीतली जागा संपली होती. गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या, माणसं वाढली, पण मेलेल्यांची जागा होती तेवढीच राहिली. म्हणून तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं काढायची आणि ती जागा पुढच्या माणसाला द्यायची, असं ठरलं होतं. ज्यांना हवं ते हाडं धुऊन, उन्हात वाळवून, पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवत. बाकीचे कोपऱ्यातल्या कोरड्या विहिरीत सोडत. तिच्यावर दगडी झाकण होतं. सुधाकर चांदीप गावाहून दर शनिवारी यायचा आणि एक कबर उघडायचा. या रांगेत नऊ होत्या. गेल्या शनिवारी पहिली झाली, म्हाताऱ्या फिलोमिनची. आज दुसरी, मटिल्डाची.

मटिल्डाचं हाड कधीच मोडलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एकदा टायफॉइड झाला आणि शेवटी हृदय बंद पडलं. बस.

सळी कोणाची होती ते हिलरीला ठाऊक होतं. अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. पास्कोलचा पाय बोटीवर दोरखंडात अडकून मोडला होता, त्याच्या मांडीत सळी घातली होती, आणि पाऊस आला की तो सगळ्यांना सांगायचा, माझी सळी बोलतेय. तो मटिल्डानंतर दोन दिवसांनी गेला. त्याची कबर तिसरी, मटिल्डाच्या पलीकडची. तिथला क्रॉस अजून उभा होता. ती पुढच्या शनिवारी उघडायची होती.

"झालं, पप्पा?" विनितानं विचारलं.

"झालं."

"मी बघू?"

"नको. मी घरी धुतो. पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला पेटी बंदच न्यायची असते."

तिनं डोळे उघडले तेव्हा गाठोडं बांधून झालं होतं. तिनं त्याला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि ती रिक्षा बघायला फाटकाकडे गेली. हिलरी मात्र तिथंच उभा राहिला. त्यानं रांगेकडे पाहिलं. मग भिंतीकडे. पहिला क्रॉस आणि भिंत यांच्यामध्ये सहा फूट मोकळी जागा होती. तिथं गवत वाढलं होतं. सहा फूट त्यानंच सोडले होते.

*

२००५ च्या जुलैमधल्या पुरात दफनभूमीत चार दिवस पाणी होतं. पाणी ओसरलं तेव्हा सगळी जमीन सपाट झालेली, वर गाळ, आणि लाकडी क्रॉस तरंगत जाऊन फाटकाशी ढिगानं पडलेले. कबर खोदणारा म्हातारा त्याच उन्हाळ्यात वारला होता. कोण कुठं आहे ते त्याच्या डोक्यात होतं. वहीत फक्त नावं होती, ओळीनं. नकाशा नव्हता.

फादरनी विचारलं, हे कोण लावून देईल? सगळ्यांनी हिलरीचं नाव घेतलं.

हिलरी सव्वीस वर्षं किल्ल्यात कामाला होता. पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी. वसईचा किल्ला म्हणजे नुसता तट नव्हे, आत एक शहर होतं. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. लहानशीच, पण गव्हर्नरचा वाडा, चर्चं, बाजार, तुरुंग, सगळं होतं. आत राहायचे ते बडे लोक. गवंडी, सुतार, नोकर यांनी दिवसा आत काम करायचं आणि संध्याकाळी दरवाजे बंद व्हायच्या आधी बाहेर पडायचं. त्यांना आत झोपायची परवानगी नव्हती. पाहुण्यांना हे सांगताना हिलरी म्हणायचा, "आमच्या खापरपणजोबाला संध्याकाळी बाहेर काढायचे, मला सकाळी आत घेतात." लोक हसायचे.

दगडांचं काम त्याला खात्याच्या एका साहेबांनी शिकवलं होतं. ढासळलेल्या कमानीच्या दगडांवर रंगानं नंबर घालायचे आणि ते ओळीनं परत बसवायचे. हलवलेला दगड त्याच दिवशी लिहून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी आपली आठवण खोटं बोलते. आणि भिंतीच्या पायापासून सहा फुटांत कुदळ लावायची नाही. पाया सैल होतो.

दफनभूमीत त्यानं हेच केलं. टेप लावला, भिंतीपासून सहा फूट सोडले, तिथून पाच-पाच फुटांवर नऊ क्रॉस उभे केले. मटिल्डाच्या क्रॉसवरची अक्षरं धुऊन गेली होती, ती त्यानं पुन्हा रंगवली. पुढच्या रविवारी मिसामध्ये फादरनी त्याचं नाव घेऊन आभार मानले. तेव्हा तो रडला. मटिल्डा गेली तेव्हा रडला नव्हता.

पण कबर खोदणाऱ्या म्हाताऱ्याला सहा फुटांचा नियम कोणी सांगितला होता? जागा तेव्हाच कमी पडत होती. त्यानं फिलोमिनला भिंतीला लागून पुरलं होतं. हिलरीनं तिची जागा मोकळी समजून सोडली, आणि तिथून सगळे क्रॉस एकेक जागा पुढं गेले. फिलोमिनचा क्रॉस मटिल्डावर. मटिल्डाचा पास्कोलवर. असंच शेवटपर्यंत. नवव्या क्रॉसखाली कोणीच नव्हतं.

हे त्याला सळी बघताना कळलं, एका क्षणात. दुसरी गोष्ट रिक्षात बसल्यावर कळली. गेल्या शनिवारी फिलोमिनचा मुलगा आग्नेल यानं आपली आई म्हणून जी हाडं विहिरीत सोडली, ती कोणाची होती, ही.

*

विनिता गेल्यावर त्यानं गाठोडं धुतलं नाही. दुसऱ्याचा माणूस आपण कसा धुवायचा? वेताच्या टोपलीत ठेवलं, वरून टॉवेल टाकला आणि चार वाजता तो रोझलिनकडे गेला.

रोझलिन पास्कोलची बायको. ती अंगणात बसून सुके बोंबील निवडत होती. मागे बांबूंवर अजून वाळत होते. तिनं टोपलीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"सावलीत ठेव," ती म्हणाली.

"रोझलिन, मला तुला एक सांगायचंय."

"ठेव आधी. उन्हात नको धरू त्याला."

हिलरीनं टोपली ओट्यावर ठेवली. तो तसाच उभा राहिला.

"काय हाय त्यात ते ठावं हाय तुला?"

"पास्कोल हाय." तिनं हातातला बोंबील बाजूला टाकला. "बस. उभा राहून काय होनार हाय."

तो ओट्यावर टोपलीच्या पलीकडे बसला.

"तुला कधीपासून ठावं?"

"तू लावलेस त्या दिवसापासून. फाटकाजवळच्या नळापासून नऊ पावलं पास्कोल. तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन चालले मी, माझी पावलं चुकत नाय. तुझा टेप चुकला."

"दर रविवारी तू मटिल्डाच्या क्रॉसपाशी मेनबत्ती लावायचीस. मला वाटायचं..."

"ती पास्कोलला. मटिल्डाला दुसरी लावायचे, अलीकडं, फिलोमिनच्या क्रॉसपाशी. लोक म्हनायचे, रोझलिनला फिलोमिनचा काय पुळका आला. जिती होती तेव्हा नळावर भांडायचे मी तिच्याशी."

हिलरी अडीच वर्षं तिला किल्ल्यातल्या चिंचा आणून देत होता. बोरं आणून देत होता. आपल्या बायकोची आठवण ठेवते म्हणून.

"चिंचा घेतल्यास तू माझ्याकडून."

"चांगल्या होत्या चिंचा." तिनं आणखी एक बोंबील उचलला. "सांगनार होते रे. पन फादरनी मिसात तुझं नाव घेतलं आनि तू रडलास. मटिल्डा गेल्यावर सहा महिने तू दगडासारखा फिरत होतास. म्हटलं, रडतोय तर रडू दे. पुढच्या आठवड्यात सांगू. मग पुढचा आठवडा गेला. मग वाटलं, मानूस खाली आपल्या जागी हाय, वरच्या लाकडाचं काय."

"गेला शनिवार कसा विसरलीस?"

रोझलिननं मांडीवरचे बोंबलांचे तुकडे झटकले. बराच वेळ झटकत राहिली.

"विसरले नाय. तिथंच होते मी."

हिलरीनं टोपलीवरचा टॉवेल सारखा केला.

"सांगायलाच गेले होते. आग्नेल पिशवीत भरत होता. त्याची बायको घाई करत होती, पोरांची शाळा सुटायची येळ झालेली. त्यानं विहिरीचं झाकन सरकवलं. मी म्हटलं आता बोलायचं. तोंड उघडलं. आनि मनात आलं, आत्ता हे बोललं तर उद्या हिलरीला गावात कोन काय म्हनेल. तेवढा येळ गेला. मग आवाज झाला."

"कसला?"

"पडल्याचा."

शेजारच्या अंगणात कोणीतरी बोंबलांवरून कावळे हाकलत होतं. हिलरी उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"एक शब्द बोलली असतीस तर ती मला मिळाली असती."

"हां."

"एक शब्द."

"हां. ते माझं हाय. ते मी तुझ्या टेपवर टाकत नाय." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तिचं नाव घेतलं मी. मोठ्यानं. मटिल्डाला शांती दे, म्हटलं. आग्नेलची बायको हसली. तिला वाटलं, म्हातारीला नावं आठवत नाय."

मग तिनं टोपली जवळ ओढली. टॉवेल काढला, गाठ सोडली. हिलरीनं मान फिरवली. त्याला फक्त ऐकू आलं, ती पदरानं काहीतरी घासत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"एवढ्यानं पाऊस कळायचा त्याला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं गाठ पुन्हा बांधली. "आता ऐक. शनिवारी माझा क्रॉस उघडतील. जो कोन निघेल त्याला मी पास्कोल म्हनून घेईन, नीट धुवीन, नीट ठेवीन. ह्याला तू तुझ्या कोनाड्यात ठेव. मटिल्डाचं नाव राहू दे वर. मी येत जाईन तिथं. कोनाला काय सांगू नको."

"आनि नववा क्रॉस?"

नववा क्रॉस फ्रान्सिसच्या मुलीचा होता. अकरा वर्षांची. तिची आई अजून रोज संध्याकाळी फुलं घेऊन यायची आणि नवव्या क्रॉसखाली ठेवायची.

"तिच्या आधीच्या शनिवारी आठवी उघडतील," हिलरी म्हणाला. "तिथं क्रॉस हाय एका बुजुर्ग माणसाचा. आनि खाली पोरीची हाडं निघतील. तेव्हा काय सांगशील?"

"मातीनं खाल्लं म्हनेल सुधाकर."

"आनि पुढच्या शनिवारी तिची आई उभी राहून रिकामा खड्डा बघेल."

"मग काय करशील तू? नऊ घरांत जाऊन सांगशील? अडीच वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या मान्सापुढं गुडघे टेकले म्हनून?"

हिलरीनं वहाणा घातल्या. टोपली तिथंच ठेवली.

"ह्याला तू धू," तो म्हणाला. "तुझा हाय तो."

*

मंगळवारी किल्ल्यात एका सोसायटीची सहल आली. वीस-पंचवीस माणसं, मुलं, डबे, सतरंज्या. हिलरीनं त्यांना नेहमीसारखं फिरवलं. दरवाजा दाखवला, वाड्याचा जिना दाखवला. खापरपणजोबाचा विनोद त्यानं केला नाही. छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या, पोर्तुगीज नावं कोरलेल्या थडग्यांच्या दगडांपाशी सगळे थांबले.

"म्हणजे हे साहेब इथे खालीच आहेत का?" एका बाईंनी विचारलं. त्यांनी दगडावरून पाय मागे घेतला होता.

हा प्रश्न त्याला दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं. हो, इथंच आहेत, असं तो सांगायचा. माणसं जरा गप्प व्हायची, मग पुढं जायची. पण हा दगड सापडला होता गावात, एका घराच्या मोरीत. त्यावर कपडे धूत होते. खात्याच्या साहेबांनी तो उचलून आणला आणि चर्चमध्ये जिथं मोकळी जागा होती तिथं बसवला. तेव्हा हिलरी त्यांच्या हाताखाली होता. साहेबांनी ते वहीत लिहिलं होतं. ते बदलून गेले, वही कुठं गेली कोणाला माहीत नाही.

"ठाऊक नाही, ताई," तो म्हणाला. "दगड दुसरीकडे सापडला. त्याचा माणूस कुठं आहे ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

"मग इथे का बसवलाय?"

"जागा मोकळी होती."

एक मुलगा हसला. "म्हणजे रिझर्वेशन एकाचं आणि बसलाय दुसराच." त्याच्या आईनं त्याला दटावलं, पण तीही हसली. बाईंना मात्र ते आवडलं नाही. फसवल्यासारखं त्यांचं तोंड झालं. दगडाकडे पुन्हा एकदा पाहून त्या म्हणाल्या, "निदान लिहून तरी ठेवायचं कोणीतरी."

मग सगळे झाडाखाली जेवायला बसले. हिलरीला त्यांनी इडली दिली. ती त्यानं कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

*

गुरुवारी तो विनिताकडे गेला. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, कुकर लावत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

तिनं गॅस बारीक केला.

"मी डोळे उघडले असते तर मला तिथंच कळलं असतं," ती म्हणाली. "पुरुषाचं हाड लपत नाही. मला कळलं असतं."

"कळून काय झालं असतं?"

"काहीच नाही." ती ओट्याला टेकली. "मम्मीला काढता येईल?"

"किती वर्षांची माणसं आहेत त्या विहिरीत."

कुकरची शिटी झाली.

"पप्पा, सांगू नका कोणाला. प्लीज. मम्मी तर गेलीच. आता तुमचं नाव कशाला घालवता? लोक उद्या म्हणतील, हिलरीनं आमची माणसं हरवली. गावात राहायचंय तुम्हाला. एकट्यानं."

"फ्रान्सिसची बायको रोज येते तिथं."

"मला माहितीये."

"तिची पोर अजून आहे. पाच फूट अलीकडे आहे. तिला मिळू शकते."

विनितानं तोंडावर पाणी मारलं, टॉवेल घेतला. टॉवेलमध्ये तोंड तसंच ठेवून म्हणाली, "मग आपला कोनाडा? मी पाटीवर नाव कोरायला दिलंय."

"आण. लावू. आत काही नसेल."

तिनं टॉवेल दोरीवर टाकला. मग तिनं दोन ताटं घेतली.

"जेवून जा," ती म्हणाली.

शुक्रवारी तो फादरना भेटला. ते नवीन होते, पूर आला तेव्हाचे नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा नावं विचारली, मग म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. रविवारी मिसामध्ये मी नीट समजावून सांगतो. माझ्या तोंडून आलं तर लोक शांत राहतील."

"उद्या पास्कोलची कबर उघडायचीय, फादर."

"ती आपण थांबवू."

"उघडायचं तेवढं थांबवा. सांगायचं माझं मी बघतो."

*

शनिवारी सकाळची मिसा सुटायच्या आत तो दफनभूमीत गेला. बरोबर पहार होती, फावडं होतं आणि खात्याचा टेप. सुधाकर आलेला होता. त्याला त्यानं लिंबाच्या झाडाखाली बसायला सांगितलं.

पहिला क्रॉस, फिलोमिनचा. तो उघडलेल्या कबरीच्या सैल मातीत नुसता खोचून ठेवलेला होता, चर्चच्या सामानात जमा करायला. हिलरीनं तो उपटला, भिंतीपाशी नेला आणि गवत काढून, दोन फुटांवर, नवा खड्डा घेऊन रोवला. पायानं माती दाबत होता तेव्हा फाटकाशी स्कूटर थांबली.

आग्नेल होता. मिसाहून परत निघालेला. अंगावर इस्त्रीचा शर्ट. तो गवतातून चालत आला.

"काका, ही आमची आई ना? तिला काढली आम्ही. परत कशाला क्रॉस लावता?"

"काढली नाय. इथंच हाय ती." हिलरीनं दाबायचं थांबवलं नाही. "चूक माझी हाय. पुरानंतर मी सगळे क्रॉस एक जागा पुढं लावले. तुझी आई भिंतीपाशी हाय, कोनी हात लावलेला नाय तिला."

आग्नेलनं गवताकडे पाहिलं. तिथं कोणी कधी फूल ठेवलं नव्हतं. शेजारी कोणाच्या तरी मुलांनी चॉकलेटचे कागद टाकले होते. त्यानं खाली वाकून ते उचलले आणि हातात चुरगाळून ठेवले.

"मग त्या दिवशी मी..."

कोपऱ्यातल्या विहिरीकडे त्यानं एकदा पाहिलं.

हिलरी रांगेत पुढं गेला होता. दुसरा क्रॉसही गेल्या शनिवारपासून नुसता खोचलेला होता. तो त्यानं दोन्ही हातांनी उपटला आणि पाच फूट मागे आणला, त्या सैल मातीच्या जागी, जिथून मागच्याच्या मागच्या शनिवारी सुधाकरनं आग्नेलला पिशवी भरून दिली होती. रंगवलेली अक्षरं आग्नेलच्या समोर होती. त्यानं ती वाचली.

मिसा सुटली होती. फाटकातून लोक आत येऊ लागले होते. रोझलिन होती, तिच्यामागे फ्रान्सिस आणि त्याची बायको, हातात फुलांची पिशवी. कोणीतरी विचारत होतं, हिलरी काय करतोय ते. कोणी जवळ येत नव्हतं.

"धर जरा," हिलरी म्हणाला.

आग्नेलनं कागद खिशात घातले आणि क्रॉस धरला. खड्ड्यातली माती भुसभुशीत होती, क्रॉस एका बाजूला जात होता. हिलरीनं फावड्यानं माती ओढली, चारी बाजूंनी पायानं दाबली, पुन्हा ओढली.

"सरळ हाय?"

"माझ्याकडं झुकतोय थोडा."

हिलरी त्याच्या बाजूला आला आणि खांद्यानं क्रॉस लोटला. "आता?"

"आता बरा हाय." आग्नेलचे दोन्ही हात तसेच होते, नावाच्या खाली. "सोडू, काका?"

तिसरा क्रॉस वाट बघत होता. फाटकाकडून माणसं आता हळूहळू पुढं येत होती. हिलरीनं फावडं उचललं.

"थोडा येळ धर," तो म्हणाला. "माती बसली नाय अजून."